मशीनचं सेटिंग कोण करणार?

(वेल्डिंगचं काम सुरू करू पाहणाऱ्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं हे भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

समोर टेबलावर ठेवलेली ही पेटी म्हणजे मल्टिप्रोसेस वेल्डिंग मशीन. सकाळपासून बघतेय, बऱ्याच जणी तिच्याभोवती फिरून आल्या, पण हात कुणी लावला नाही. दुपारी प्रत्येकीला हात लावायचाच आहे, त्याआधी थोडं बोलू.

मी इंजिनियर नाही. मी एम.एस.डब्ल्यू. केलं आणि कौटुंबिक अत्याचाराच्या केसेस, रेशन, बचत गट अशा कामांतून इथवर आले. नवऱ्याचं घर सोडलेल्या बाईला आपण शिलाई मशीन देतो, पापड-लोणची शिकवतो, आणि त्यातून तिचं भाडंसुद्धा निघत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ग्रिल, शटर, शेड, ट्रॉली यांचं काम मात्र गावोगाव चालतं आणि त्याला मजुरी बरी मिळते. म्हणून हे काम बायकांना शिकवावं असं ठरलं. शिकवायचं तर आपल्यालाही कळलं पाहिजे, म्हणून मी शिकले.

ठिकठिकाणची प्रशिक्षणं बघताना एक गोष्ट खटकली. बायका वेल्डिंग करतात, टाका छान घालतात. पण मशीन चालू करतात सर. करंट किती, वायर कोणती, कोणती केबल कुठे, गॅस किती सोडायचा, हे सगळं सर लावून देतात. बाई फक्त बटण दाबते. सर दुसऱ्या गावी गेले की मशीनवर चादर पडते. शिलाईच्या वर्गात बाई स्वतः सुई ओवते, बॉबिन भरते, दोऱ्याचा ताण बघते. इथे मात्र तेच काम 'टेक्निकल' होतं! सुरक्षिततेचंही तसंच. 'मागे व्हा ताई, लागेल' असं म्हणून तिला बाजूला करतात. काय लागेल, कशानं लागेल आणि लागू नये म्हणून काय करायचं, ते तिला कुणी सांगत नाही. म्हणून आज मी वेल्डिंग कसं करायचं यापेक्षा मशीन कसं लावायचं यावर जास्त बोलणार आहे.

'लोखंडाचं काम बायकांना झेपत नाही' या वाक्याचा आधी निकाल लावू. घिसाडी समाजाच्या बायका रस्त्याच्या कडेला पालापुढे बसून लोखंड घडवताना आपण लहानपणापासून बघतो. नवरा सांडशीत लालभडक तुकडा धरतो आणि घण घालते ती बाई. तेव्हा कुणाला नाजूकपणा आठवत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या गोद्यांमध्ये जहाजं बांधायला हजारो बायका वेल्डर झाल्या. १९४५ साली युद्ध संपलं, पुरुष परतले आणि त्यांतल्या बहुतेकींना घरी पाठवलं. म्हणजे गरज होती तोवर झेपत होतं. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यातलं २२ वं कलम बघा. चालू यंत्राचे काही भाग साफ करणं, त्यांना तेल देणं, त्यांची जुळवणी करणं यांपासून त्या कलमानं स्त्रिया आणि अल्पवयीन मुलं यांना एकाच ओळीत दूर ठेवलं. चालू यंत्राची जुळवणी धोक्याची असेल तर पुरुषालाही धोक्याचीच. उपाय यंत्रावर करायचा की बाईवर, हा खरा प्रश्न आहे.

आता या पेटीकडे वळू.

मल्टिप्रोसेस म्हणजे एकाच मशीनवर तीन प्रकारचं वेल्डिंग. पहिलं रॉडचं. ग्रिलच्या दुकानात दिसतं ते: होल्डरमध्ये रॉड धरायचा आणि घासून ठिणगी पाडायची. दुसरं मिग. यात गनमधून बारीक वायर आपोआप बाहेर येते आणि तिच्याभोवती गॅस सुटतो. तिसरं टिग. यात टंगस्टनची न वितळणारी सुई असते, दुसऱ्या हातानं भरणीची तार द्यावी लागते आणि आर्गन गॅस लागतो. हे सगळ्यात नाजूक आणि सावकाशीचं काम, स्टीलच्या रेलिंगला वापरतात. दुकानदार सांगतो, 'एकात तीन, ताई, काहीही जोडा.' 'काहीही' हे खरं नाही. ॲल्युमिनियमचं टिग करायला ए.सी. करंट लागतो आणि स्वस्तातली बहुतेक मल्टिप्रोसेस मशीनं फक्त डी.सी. देतात. हा प्रश्न घेण्याआधी विचारा. दुकानदार गडबडला की समजा, योग्य प्रश्न विचारलात.

मशीन घरी आणलं की पहिला प्रश्न विजेचा. मशीनच्या मागच्या पाटीवर ते किती अँपिअर ओढतं ते लिहिलेलं असतं. तो आकडा वहीत उतरवून घ्या आणि वायरमनला दाखवा. बारीक कामाला साधा १६ अँपिअरचा प्लग कदाचित चालेल, पूर्ण ताकदीवर नाही चालणार. मशीनला स्वतंत्र लाईन, योग्य आकड्याचा एम.सी.बी. आणि गळती झाली तर वीज तोडणारा आर.सी.सी.बी. हवा. एक्स्टेन्शन वापरलंच तर जाड तारेचं, आणि पूर्ण उलगडून. गुंडाळी तशीच ठेवून काम केलं तर आत तार तापते आणि वितळते.

आता अर्थिंग. इथे आपल्या कारखानी भाषेनं मोठा घोळ करून ठेवलाय. मशीनमधून एक जाड केबल निघते, तिच्या टोकाला चिमटा असतो आणि तो कामाच्या लोखंडाला लावतात. सगळे त्याला 'अर्थ' म्हणतात. पण तो अर्थ नाही! ती करंट परत मशीनकडे नेणारी वाट आहे. खरं अर्थिंग म्हणजे प्लगची तिसरी, जाड पिन आणि तिच्यामागे जमिनीत गेलेली तार. मशीनच्या पत्र्यात वीज उतरली तर तीच तुम्हाला वाचवते. 'अर्थ लावलाय ना?' असं विचारलं की समोरचा चिमट्याकडे बोट दाखवतो आणि भिंतीतल्या तिसऱ्या भोकात तार जोडलेलीच नसते. म्हणून आमच्या वर्गात चिमट्याला 'परतीचा चिमटा' म्हणायचं ठरलं. नाव वेगळं केल्यावर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या जाऊ लागल्या.

हा परतीचा चिमटा जिथे जोडायचं त्याच्या जवळ, गंज-रंग घासून काढलेल्या जागी घट्ट बसवायचा. लांबच्या खांबाला चिमटा लावून मध्ये सळयांचे तुकडे टाकून वाट पुरी करतात, ते करू नका. प्रत्येक ढिल्या सांध्यावर ठिणगी उडते, लोखंड तापतं, आणि करंट कुणाच्या हातातून किंवा साखळीतून वाट काढू शकतो. केबल खांद्यावर, कमरेला गुंडाळून काम करायची सवय पुरुषांना असते. तीही घेऊ नका.

पुढची गोष्ट पोलॅरिटीची. मशीनच्या तोंडावर दोन सॉकेट असतात, प्लस आणि मायनस. वेल्डिंगचा प्रकार बदलला की केबली बदलतात, आणि याच ठिकाणी सर लागतात! तर ऐका. गॅसवरचं मिग: गन प्लसला, चिमटा मायनसला. गॅसशिवायची, पोटात पावडर भरलेली वायर: उलट, म्हणजे गन मायनसला. टिग: टॉर्च मायनसला, चिमटा प्लसला. टिगचा टॉर्च चुकून प्लसला लागला तर टंगस्टनची सुई क्षणात वितळून गोळा होते. रॉडचं मात्र रॉडवर अवलंबून. ग्रिलला आपण नेहमी वापरतो तो ६०१३ नंबरचा रॉड दोन्हीकडे चालतो. ७०१८ नंबरचा मजबुतीचा रॉड प्लसला लावायचा. रॉडच्या पाकिटावर हे छापलेलं असतं.

बऱ्याच मिग मशीनमध्ये गन आतूनच जोडलेली असते आणि तिची पोलॅरिटी बदलायला एक छोटी जोडकेबल समोर किंवा झाकणाच्या आत असते. ती नेमकी कुठे आहे हे पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. केबल बदलताना मशीन बंद, प्लग बाहेर. सॉकेटमध्ये घातल्यावर पिळून घट्ट करा. ढिली राहिली तर सॉकेट जळतं आणि ते दुरुस्त करायला पैसे पडतात.

वाचता न येणाऱ्या बायकांसाठी रंगीत टेप वापरा. प्लसला लाल, मायनसला काळी, चिमट्याला हिरवी. भिंतीवर तीन चित्रं रंगवा, एकेका प्रकाराचं एकेक. एका गटात पेंटिंग करणाऱ्या मुलीनं ती काढली. नंतर शेजारच्या वर्कशॉपमधली पोरंही ती बघायला येऊ लागली. त्यांनाही कुणी कधी नीट सांगितलं नव्हतं.

मिगची वायर ओवणं अगदी शिलाई मशीनसारखं आहे. वायरचं रीळ खुंटीवर बसवायचं, वायर दोन चाकांच्या मधून गनच्या नळीत सरकवायची. चाकाला खाच असते आणि त्यावर ०.८, १.० असा आकडा कोरलेला असतो. वायर जेवढी तेवढीच खाच हवी, आणि गनच्या टोकाची तांब्याची टिपही त्याच आकड्याची. घट्ट वायरला 'व्ही' आकाराची खाच लागते, पावडर भरलेल्या वायरला दातेरी. चाकाचा दाब फार दिला तर वायर चेपते, कमी दिला तर घसरते. दोन्ही वेळा आत गुंता होतो, खालच्या दोऱ्याचा होतो तसा. टीप काढून वायर टोकापर्यंत येऊ द्या, मग टीप बसवा. ती येत असताना गन तोंडाकडे किंवा तळहाताकडे धरू नका. वायर सुईसारखी टोचते, आणि बटण दाबलेलं असताना तिच्यात वीज असते.

गॅसचं थोडक्यात, पण हे विसरू नका. साध्या लोखंडाच्या मिगला कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. टिगला शुद्ध आर्गनच. सिलिंडर उभा, भिंतीला साखळीनं बांधलेला. तो पडून वरचा व्हॉल्व्ह तुटला तर सिलिंडर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. रेग्युलेटर लावण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून बंद करा, म्हणजे तोंडातली धूळ जाईल. उघडताना रेग्युलेटरच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं आणि सावकाश उघडायचं. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं. तेलाचा हात लावायचा नाही. मिगला मिनिटाला १० ते १५ लिटर पुरतात. जास्त सोडला तर हवा आत ओढली जाते आणि टाका जाळीदार येतो, शिवाय गॅसचे पैसे जातात. या दोन्ही वायूंना वास नाही आणि दोन्ही हवेपेक्षा जड आहेत. बंद खोलीत, टाकीत किंवा खड्ड्यात ते खाली साठतात आणि श्वासाची हवा बाजूला सारतात. आपल्या बायकांना जमिनीवर बसून काम करायची सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. टेबल करा. पहिलं काम म्हणून स्वतःचं कामाचं टेबलच वेल्ड करून घ्या.

सेटिंगचे आकडे सांगते ते सुरुवातीपुरते. रॉडला दुकानात नंबर असतात. बारा नंबर म्हणजे अडीच मिलिमीटर, त्याला ६० ते ९० अँपिअर. दहा नंबर म्हणजे ३.१५ मिलिमीटर, त्याला ९० ते १३०. तीन मिलिमीटर पत्र्याला ०.८ ची वायर घेऊन मिग करायचं तर १८ ते २० व्होल्टच्या आसपास सुरुवात करा आणि वायरचा वेग आवाजावरून जुळवा. नीट तापलेल्या तेलात भजी सोडल्यावर जो एकसारखा आवाज येतो, तसा आला पाहिजे. वायर हाताला मागे ढकलतेय, फटफट फुटतेय, तर वेग जास्त आहे किंवा व्होल्ट कमी. वायर टिपेपर्यंत जळून चिकटतेय, तर वेग कमी. हे बायकांना फार लवकर कळतं. फोडणीचा आवाज ओळखणाऱ्या कानांना त्यात नवीन काय! नव्या मशीनवर जाडी टाकली की बाकीचं ते आपोआप ठरवतं. वापरा जरूर, पण आधी हातानं लावायला शिका. व्होल्टेज पडलेल्या गावात ते आपोआपचं गणितही चुकतं.

पाटीवर आणखी एक आकडा असतो, ड्यूटी सायकल. '२०० अँपिअर, ६० टक्के' म्हणजे त्या करंटवर दहा मिनिटांत सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं आराम. हा आकडा बहुधा ४० अंश तापमानाचा धरलेला असतो. चंद्रपूर-नागपूरकडच्या मैत्रिणींनो, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तुम्हाला आराम जास्त द्यावा लागेल, मशीनला आणि स्वतःलाही. काम संपल्यावर मशीन लगेच बंद करू नका, पंखा थोडा वेळ फिरू द्या.

आता माणसाकडे येते. सगळ्यात आधी जिला कुणी मोजत नाही तिच्याकडे.

रस्त्याकडेच्या ग्रिलच्या दुकानात नीट बघा. वेल्डिंग करणाऱ्याच्या तोंडासमोर निदान हातातली काच असते. पलीकडून अँगल धरून बसलेली असते त्याची बायको, नाहीतर बहीण. तिच्याकडे काही नाही. ती मान वळवते, डोळे मिटते, पदर ओढते. बंद पापणीवर, गालावर, गळ्यावर ते किरण पडतच असतात. शेजारी पोर खेळत असतं. रात्री चार-सहा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. 'वेल्डिंग लागलं' म्हणून बटाट्याच्या चकत्या ठेवतात, दूध घालतात. दूध डोळ्यात घालू नका, त्यानं जंतू जातात. गार पाण्याची स्वच्छ घडी ठेवा, अंधारात पडा आणि सकाळी डॉक्टरांना दाखवा. बधिर करणारे थेंब कुणी दिले तर घरी नेऊन पुन्हा पुन्हा घालू नका. त्यानं दुखणं कळेनासं होतं आणि बुबुळाची जखम वाढते. तिला मजुरी नाही, हजेरी नाही, म्हणून काचही नाही. आपल्या गटांचा पहिला नियम हा ठेवा: जितक्या जणी कामाजवळ, तितक्या काचा. मशीनच्या कर्जात हेल्मेट एक आणि बायका दोन असतील तर ते कर्ज अपुरं आहे. शेजारच्यांसाठी जाड कापडाचा पडदा लावा, तो सहज पेट न घेणारा असावा.

काचेलाही नंबर असतो. रॉड आणि मिगच्या नेहमीच्या कामाला १० ते १२. साधा काळा गॉगल चालत नाही. आपोआप काळी होणारी काच घेतलीत तर रोज उन्हाकडे किंवा लायटरच्या ठिणगीकडे धरून ती चालते का बघा. हेल्मेटचा पट्टा पुरुषाच्या डोक्याचा असतो, अंबाडा असला की बसत नाही. वेणी घालून ती शर्टाच्या आत टाका. हातमोजेही मोठे येतात. बोटं पुढे लोळत असतील तर पकड सुटते आणि बाई मोजा काढून काम करते. आम्ही चांभारकाम करणाऱ्या एका दादांकडून मापाचे चामड्याचे मोजे आणि ॲप्रन करून घेतले. बाजारभावापेक्षा फार महाग पडले नाहीत.

कपडे जाड सुती, बाह्या पूर्ण. पॉलिस्टरचा ड्रेस आणि नायलॉनची साडी ठिणगीनं जळत नाही, वितळते आणि कातडीला चिकटते. ओढणी नको. ग्राइंडरमध्ये ओढणी अडकली की सोडवायला वेळ मिळत नाही. जाता जाता सांगते, ग्राइंडरला वेल्डिंग मशीनपेक्षा जास्त भ्या. त्याचं गार्ड काढून काम करणाऱ्याला आपल्या शेडमध्ये उभंसुद्धा करू नका.

आणि दागिने. इथे नेहमी शांतता पसरते, आत्ताही पसरली. अंगठी, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, सगळं धातूचं. तापतं, आणि करंटला वाट देतं. काढायलाच हवं. मला काही जणींनी सांगितलं, 'ताई, सासू काय म्हणेल?' एकीचा नवरा म्हणाला, 'मी जिवंत असताना गळा मोकळा नको.' यावर मी भाषण देऊन उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो गटातल्याच एका म्हाताऱ्या बाईंचा. त्या म्हणाल्या, 'भाकरी थापताना अंगठी काढतेस ना? मग ही पण भाकरीच आहे.' शेडमध्ये कुलपाची एक पेटी ठेवली, प्रत्येकीचा कप्पा. मंगळसूत्र घालावं का, हा वाद आपण एखाद्या संध्याकाळी जरूर घालू. मशीनजवळ तो वाद नाही. तिथे ते काढायचंच.

पावसाळा. रॉडच्या होल्डरवर काम सुरू नसतानाही साठ-सत्तर व्होल्ट उभे असतात. कोरड्या हाताला ते जाणवत नाहीत. घामेजलेला हात, ओली जमीन, पायात काही नाही, अशा वेळी तेवढेही जीव घेऊ शकतात. पायाखाली कोरडी फळी किंवा रबर, पायात बंद बूट, हातात कोरडे मोजे. मोजे दोन जोड ठेवा. रॉड बदलताना उघड्या हातानं नाही. होल्डर काखेत धरून ठेवायचा नाही.

धुराबद्दल लोक हसण्यावारी नेतात. 'गूळ खा, काही होत नाही.' गूळ जरूर खा, चांगला असतो, पण छातीत गेलेला धूर तो काढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसात कॅन्सर घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. जी.आय. पाइपवर जस्ताचा मुलामा असतो. तो न घासता वेल्डिंग केलं तर रात्री थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. मलेरिया वाटतो. एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून कुणी कामाशी संबंध जोडत नाही. मुलामा आधी घासून काढा, आणि घासतानाही तोंडावर मास्क हवाच. स्टेनलेस स्टीलचा धूर आणखी वाईट, त्यात क्रोमियम असतं. ओढणीनं किंवा रुमालानं हा धूर अडत नाही, एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क हेल्मेटच्या आत बसतो. डोकं धुराच्या झोतात वाकवू नका. पंखा लावला तर मिगचा गॅस उडतो आणि टाका बिघडतो, म्हणून सर पंखा बंद करतात. मग टाका चांगला आणि फुप्फुस वाईट! पंखा कामावर वारा मारणारा नको, बाजूनं धूर बाहेर ओढणारा एक्झॉस्ट लावा.

तेलाचे, रंगाचे रिकामे ड्रम कापायला किंवा जोडायला कुणी आणले तर परत पाठवा. 'रिकामा' ड्रम वाफेनं भरलेला असतो आणि बॉम्बसारखा फुटतो. कामाजवळ वाळूची बादली आणि अग्निशामक ठेवा. काम संपल्यावर निदान अर्धा तास कुणीतरी तिथे थांबायचं. भुसा, कागद, पोती आतल्या आत धुमसत असतात.

गरोदर बाईला काय सांगायचं, हा प्रश्न हमखास येतो. तिला काढून टाकू नका आणि तिच्यावर ढकलूही नका. धूर, उष्णता, जड उचल यांची माहिती द्या, डॉक्टरांशी बोलू द्या. मापं घेणं, आखणी, हिशोब, गिऱ्हाइकाशी बोलणी अशी कामं गटात असतातच, ती पूर्ण मजुरीवर तिच्याकडे द्या. पूर्ण मजुरीवर, हे दोनदा सांगते.

संडासचं बोलायला लाजू नका. शेडजवळ सोय नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. चामड्याचा ॲप्रन, उन्हाळा आणि पाणी नाही: चक्कर, लघवीची जळजळ. चक्कर आलेल्या बाईच्या हातात पेटलेला रॉड असतो. शेड भाड्यानं घेताना वीज बघता तसा संडास बघा.

शेवटचा मुद्दा शिकवण्याचा. वेल्डिंग शिकवताना मागून उभं राहून हात धरून टाका घालून दाखवायची पद्धत आहे. हेल्मेटच्या आत बाईला काही दिसत नसतं, आवाज असतो, कुणाला हाक मारणं अवघड. काही ठिकाणी याचा जो गैरफायदा घेतला गेला तो मुलींनी आम्हाला कोर्स सोडल्यावर सांगितला. १९९७ च्या विशाखा निकालानंतर आणि २०१३ च्या कायद्यानंतर कामाच्या जागी लैंगिक छळ म्हणजे काय, याबद्दल संदिग्धता नाही. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या वर्कशॉपमधल्या बाईनं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करायची असते. आपल्या वर्गांसाठी आम्ही नियम केला: शिकवणाऱ्यानं स्वतः करून दाखवायचं, शिकणारीनं दुसऱ्या काचेतून बघायचं, हात धरायचा नाही. कोरड्या रॉडनं, मशीन बंद ठेवून, हात फिरवण्याचा सराव आधी दोन दिवस करून घ्यायचा. यानं शिकायला वेळ जास्त लागेल असं सर म्हणाले होते. लागला नाही.

तर जेवणानंतर दोघी-दोघींच्या जोड्या करू. मशीन बंद, प्लग बाहेर, सगळ्या केबली मी काढून ठेवलेल्या असतील. पहिल्या जोडीनं ती गॅसवरच्या मिगसाठी जोडायची, दुसरीनं तपासायची, मग टिगसाठी, मग रॉडसाठी. सगळ्या जोड्यांचं झाल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही. बांगड्या, अंगठ्या त्या कोपऱ्यातल्या पेटीत ठेवा, किल्ली तुमच्यातल्याच एकीकडे राहील. आणि ज्यांनी आज सिंथेटिक साड्या नेसल्यात त्यांच्यासाठी आत सहा सुती शर्ट आहेत. पुरले नाहीत तर आळीपाळीनं घाला.